हिवतापविरोधी शासकीय मोहिमा आणि विदर्भ : वणी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात प्लेग, पटकी व देवी या साथींकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष गेले, तेवढे हिवतापाकडे गेलेले नाही. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. प्लेगच्या काळात शहरे ओस पडली, १८९७ चा साथरोग कायदा झाला, पुण्यात रँडचा वध झाला. साथ ही राजकीय घटना ठरली. हिवताप मात्र दरवर्षी पावसाळा उतरताना येई, कापूस वेचणीच्या तोंडावर कर्त्या माणसाला अंथरुणास खिळवी आणि पुढील वर्षी पुन्हा येण्यासाठी निघून जाई. जी आपत्ती दरवर्षी येते तिला समाज आपत्ती मानत नाही आणि शासनही तिच्यासाठी स्वतंत्र दप्तर ठेवण्यास विलंब लावते.

प्रस्तुत निबंधात विदर्भातील, विशेषतः वणी परिसरातील हिवताप व इतर डासजन्य रोगांविरुद्धच्या शासकीय प्रयत्नांचा मागोवा घेतला आहे. वणी हे आज यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले, तरी १९०५ पर्यंत संपूर्ण जिल्हाच इंग्रजी दप्तरात ‘वून’, म्हणजे वणी, या नावाने ओळखला जात होता. वर्धा व पैनगंगा या नद्यांचा संगम याच तालुक्यात जुगाद येथे होतो. निर्गुडा नदी वणी गावाला लागून वाहते. काळी कसदार जमीन, कापूस, भूगर्भातील कोळसा आणि मारेगाव-झरी-पांढरकवड्याच्या बाजूला जंगलातील कोलाम व गोंड वस्त्या असे या भूभागाचे स्वरूप आहे. हिवतापाच्या दृष्टीने पाहिले, तर एकाच तालुक्याच्या परिसरात शेतीचे मैदान, खाण आणि जंगल अशा तीन वेगवेगळ्या परिस्थिती एकत्र आलेल्या दिसतात. संपूर्ण देशासाठी एकच नियमावली आखणाऱ्या मोहिमेची कसोटी अशाच परिसरात लागते.

‘ताप’ या एका शब्दात

लोकव्यवहारात या रोगाची ओळख फार जुनी होती. आयुर्वेदाने विषमज्वराचे तृतीयक, चातुर्थक असे प्रकार सांगितले होते. खेड्यातील म्हातारी माणसेही एकांतरा ताप कोणता आणि चौथ्या दिवशी उलटणारा कोणता, हे बरोबर ओळखत. वारंवार ताप येणाऱ्या मुलाच्या पोटात डाव्या बाजूला वाढलेली पानथरी हाताला लागते, हेही आईला ठाऊक असे. पुढे मलेरियातज्ज्ञांनी गावोगावच्या मुलांच्या पानथऱ्या तपासून रोगाचे प्रमाण ठरविण्यास आरंभ केला, तेव्हा या घरगुती ज्ञानाला एक शास्त्रीय मापदंड मिळाला एवढेच.

याउलट शासकीय नोंदींत हा सूक्ष्म भेद लुप्त झाला. वऱ्हाडात जन्ममृत्यूची माहिती देण्याचे काम गावच्या पाटलाकडे होते. पटकी, देवी, प्लेग यांच्या नोंदी स्वतंत्र होत. बाकी बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच सदरात जात. परिणामी ब्रिटिश काळातील वार्षिक अहवालांत ताप हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण म्हणून वर्षानुवर्षे दिसते, परंतु त्यात हिवताप किती, विषमज्वर (टायफॉइड) किती, न्यूमोनिया किती, याचा उलगडा होत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्यप्रांत व वऱ्हाडात देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक असा मृत्युदर गाठला. ते मृत्यूही बहुतांशी याच सदरात गेले. म्हणून या काळातील ‘ताप’ या सदराचे आकडे उचलून त्यांवर हिवतापाचा आलेख काढणे ही अभ्यासपद्धती सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अशी गल्लत अनेक जिल्हा-इतिहासांतून आढळते.

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी पाहिला. सिकंदराबाद हे तेव्हा निजामाच्या राज्यातील लष्करी ठाणे होते आणि वऱ्हाडही नावापुरते का होईना निजामाचेच होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले. शोध इतक्या जवळ लागला, तरी त्याचा लाभ वऱ्हाडातील शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्यास अर्धे शतक लागले. १९०९ मध्ये सिमल्यास मलेरियाविषयक परिषद भरली, त्याच वर्षी कसौली येथे केंद्रीय मलेरिया ब्यूरो स्थापन झाला. खेड्यापाड्यात मात्र शासनाचा उपाय पोस्टातून मिळणाऱ्या क्विनाइनच्या पुडीपुरताच मर्यादित राहिला.

मुंबईतील प्रयोग

याच काळात मुंबई शहरात वेगळा प्रयत्न झाला. लिस्टन यांनी १९०८ च्या सुमारास शहरातील हिवतापाचा संबंध विहिरी व टाक्यांत वाढणाऱ्या ‘ॲनॉफेलिस स्टीफेन्सी’ या डासाशी जोडला. त्यानंतर बेंटले यांच्या १९११ मधील अहवालात विहिरी बुजविणे वा झाकणे हा प्रमुख उपाय म्हणून पुढे आला. विहिरीच्या पाण्याशी धार्मिक भावना जोडलेल्या समाजांनी, विशेषतः पारशी समाजाने, त्यास विरोध केला. शासनाला लोकांशी वाटाघाट करावी लागली. नागरी कायदा, दंडाची तरतूद आणि निरीक्षकाची फेरी ही जी त्रिसूत्री मुंबईत बसली, तीच आजच्या डेंग्यूविरोधी कारवाईत नगरपालिका वापरतात. वऱ्हाडातील गावाला ती लागू पडत नव्हती. तेथील डास विहिरीत कमी आणि ओढ्याच्या कडेला, पाटाच्या पाण्यात, खुराने पडलेल्या खळग्यांत अधिक वाढत होता.

डीडीटीचे युग

दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये ओळखला होता. मुंबई प्रांतात १९४२ मध्ये मलेरिया संघटना स्थापन झाली आणि डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४६ पासून कारवार (उत्तर कॅनरा) व धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची योजना राबविली गेली. पाण्यातील अळी मारण्याऐवजी रक्त पिऊन भिंतीवर विसावलेली मादी मारायची, हे या पद्धतीचे तत्त्व होते. एका मोठ्या ग्रामीण प्रदेशात, परवडेल अशा खर्चात, ही पद्धत यशस्वी होते हे या योजनेने दाखवून दिले आणि एप्रिल १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाचा पाया घातला गेला. त्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण व आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता.

येथे विदर्भाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. १९५३ मध्ये यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात नव्हता. तो नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ एका राज्यात, १९५८ मधील निर्मूलन कार्यक्रमाचा आरंभ दुसऱ्या राज्यात आणि त्याचा ऐन बहर तिसऱ्या राज्यात, असा या जिल्ह्याचा प्रवास आहे. कारवार-धारवाडच्या अनुभवाला ‘महाराष्ट्राचा’ अनुभव म्हणून सरसकट सांगण्याची जी पद्धत आहे, ती विदर्भाच्या इतिहासाला न्याय देत नाही.

१९५८ मध्ये ‘नियंत्रण’ हा शब्द गेला आणि ‘निर्मूलन’ हा शब्द आला. साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक हिवताप पथक, आणि प्रत्येक पथकाच्या कामाचे हल्ला, दृढीकरण व परिरक्षण असे टप्पे ठरले. परिभाषा सरळ युद्धातील होती. परिणामही तसाच वेगवान होता : १९६१ मध्ये देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या सुमारे ४९ हजारांवर आली. १९६५ मध्ये ती लाखाच्या आसपास होती आणि हिवतापाने मृत्यू नोंदला गेला नाही.

पंधरवड्याची फेरी

या यशाचे श्रेय सामान्यतः डीडीटीला दिले जाते. ते अंशतःच खरे आहे. फवारणीने डासांची साखळी तोडली, पण उरलेला परजीवी माणसाच्या रक्तात असतो आणि तो शोधण्यासाठी माणूसच लागतो. दृढीकरणाच्या टप्प्यात साधारण दहा हजार लोकसंख्येमागे एक सर्वेक्षण कर्मचारी नेमला गेला. दर पंधरा दिवसांनी त्याने प्रत्येक घरी जायचे, कोणाला ताप आहे काय, गेल्या पंधरवड्यात येऊन गेला काय, पाहुणा कोणी आला आहे काय, असे विचारायचे. ताप असल्यास बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि भिंतीवर रंगविलेल्या चौकटीत आपल्या भेटीची तारीख लिहायची. काचपट्टी प्रयोगशाळेत जाई आणि रुग्ण निघाल्यास समूळ उपचारासाठी प्रायमाक्विन घेऊन तोच कर्मचारी परत येई.

ग्रामीण भागातील कित्येक घरांच्या बाबतीत, शासनाचा माणूस वसुली वा पोलीस कामाव्यतिरिक्त नियमितपणे दारात येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. जातिभेदाने विभागलेल्या गावात त्याला गावठाणातही जावे लागे आणि वस्तीबाहेरच्या घरांतही. कोलाम पोडावर पावसाळ्यात पोहोचणे हे तर मोठे दिव्य, कारण ज्या महिन्यांत हिवताप वाढतो त्याच महिन्यांत ओढे वाहतात आणि वाट बंद होते. भिंतीवरची तारीख पाहून पर्यवेक्षक कामाची शहानिशा करी. घरात न जाता बाहेरूनच तारीख टाकून जाणारे कर्मचारीही असत. परंतु ही व्यवस्था कशीबशी का होईना चालत होती, तोवर तापाचा रुग्ण पंधरा दिवसांहून अधिक काळ नजरेआड राहत नव्हता.

फवारणीचा अनुभव अधिक संमिश्र आहे. प्रारंभी लोकांनी तिचे स्वागत केले, त्यामागे हिवतापापेक्षा ढेकणांचा वाटा मोठा होता. डीडीटीने ढेकूण मरत. खाटेवर निवांत झोप लागे. काही वर्षांत ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले आणि घराघरांतून ‘आमच्याकडे नको’ असे उत्तर येऊ लागले. भिंतीवर पांढरे डाग पडतात, धान्याची कणगी हलवावी लागते, देवघरात परका माणूस शिरतो, या तक्रारीही होत्या. शिवाय मातीच्या भिंतींचे घर सणासुदीला सारवले जाते. पोळ्याच्या आधी वा दसऱ्याला गृहिणीने भिंत सारवली की तिच्यावरील औषधाचा थर शेणमातीखाली गाडला जाई. अहवालांत याला ‘लोकांचे असहकार्य’ असे म्हटले जाते. घर स्वच्छ ठेवणाऱ्या स्त्रीवर असहकाराचा ठपका ठेवण्यापेक्षा फवारणीचे वेळापत्रक सणांच्या वेळापत्रकाशी जुळविणे सोपे होते.

पुनरुद्भव : कापसाचा वाटा

१९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. या पुनरुद्भवाची कारणे अनेक होती : कीटकनाशकांचा अपुरा पुरवठा, निधीची चणचण, परिरक्षणाच्या टप्प्यात गेलेल्या भागांतील ढिलाई, आणि मैदानी प्रदेशातील प्रमुख वाहक ‘ॲनॉफेलिस क्युलिसिफेसीस’ याच्यात निर्माण झालेली प्रतिकारक्षमता. ही प्रतिकारक्षमता १९५९ मध्येच पंचमहाल जिल्ह्यात, म्हणजे तत्कालीन मुंबई राज्यात, आढळली होती.

कापूस उत्पादक प्रदेशाच्या दृष्टीने यातील शेवटचे कारण विशेष महत्त्वाचे आहे. डीडीटी व बीएचसी ही कीटकनाशके केवळ घराच्या भिंतीवर नव्हती, ती शेतातही होती. जॉर्जन चॅपिन व रॉबर्ट वासरस्ट्रॉम यांनी १९८१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मध्य अमेरिका व भारत यांची तुलना करून असे मांडले, की नगदी पिकांवरील कीटकनाशकांच्या वाढत्या वापराने डासांची प्रतिकारक्षमता वाढली आणि हिवताप परतण्यास हातभार लागला. या मांडणीवर मतभेद झाले आहेत. तथापि वऱ्हाडात ज्या खात्याने शेतकऱ्याला फवारणीचा पंप घेण्यास प्रोत्साहन दिले ते, आणि ज्या खात्याने त्याच्या गोठ्यात फवारणी केली ते, एकाच शासनाची दोन खाती होती आणि एकाच्या धोरणाचा दुसऱ्याच्या कामावर काय परिणाम होतो, याचा विचार करणारी यंत्रणा कोठेही नव्हती, हे नाकारता येत नाही. याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. हा विषय हिवतापाचा नाही, पण फवारणी करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेकडे पाहण्याची शासकीय व सामाजिक दृष्टी दोन्हीकडे सारखीच आहे, म्हणून त्याचा येथे उल्लेख केला.

एकाच कर्मचाऱ्याचे दोन मालक

१९७७ पासून सुधारित कार्ययोजना लागू झाली. निर्मूलनाचा आग्रह सोडून मृत्यू टाळणे व रोग आटोक्यात ठेवणे हे उद्दिष्ट ठरले. दर हजारी दोन वा अधिक रुग्ण असलेल्या भागातच फवारणी करावी, असा निकष आला. त्यापूर्वीच, १९७३ मधील कर्तारसिंग समितीच्या शिफारशीनुसार, हिवताप, देवी, कुटुंबनियोजन इत्यादींचे स्वतंत्र कर्मचारी एकत्र करून ‘बहुउद्देशीय’ आरोग्य कर्मचारी निर्माण करण्याचे धोरण स्वीकारले गेले होते. तत्त्वतः ते योग्य होते. एका घरी पाच खात्यांचे पाच लोक जाण्यात शहाणपण नव्हतेच. परंतु बहुउद्देशीय म्हटलेल्या कर्मचाऱ्याचे वरिष्ठ ज्या उद्दिष्टाचा हिशेब मागतात तेच त्याचे खरे काम ठरते आणि आणीबाणीच्या काळात तो हिशेब कुटुंबनियोजन शस्त्रक्रियांचा होता. ज्या माणसाला पाहून लोक तापाची माहिती देत, त्यालाच पाहून आता लोक घर सोडून जाऊ लागले. पंधरवड्याच्या फेरीचा खरा अंत येथे झाला, असे म्हणावेसे वाटते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. हिवताप विभाग मात्र राज्य शासनाकडेच राहिला. त्याचे सूत्रसंचालन पुण्यातील सहसंचालक कार्यालयातून आणि जिल्ह्यात जिल्हा हिवताप अधिकाऱ्यामार्फत होते. रक्तनमुने गोळा करणारा आरोग्यसेवक जिल्हा परिषदेचा, तांत्रिक मार्गदर्शन करणारा अधिकारी राज्याचा, अशी ही रचना आहे. साथ आली की प्रत्येक पत्राच्या प्रती दोन्हीकडे जातात.

या साऱ्या रचनेत सर्वांत खालच्या पायरीवर हंगामी फवारणी कर्मचारी उभा आहे. पावसाळ्यातील काही आठवड्यांपुरते काम, पाठीवर वा हातात पंप, गावोगावी मुक्काम, आणि हंगाम संपला की पुन्हा बेकारी. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेवक (पुरुष) पदाच्या निम्म्या जागा अशा नव्वद दिवसांचा अनुभव असलेल्या हंगामी क्षेत्र कर्मचाऱ्यांसाठी राखल्या जातात. त्यामुळे नव्वद दिवसांच्या दाखल्याला ग्रामीण तरुणांच्या आयुष्यात वेगळेच मोल आले. हिवतापाच्या मोहिमेचा हा रोजगारविषयक इतिहास स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. वाणिज्य व समाजशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी तो घ्यावा.

इतर डास, इतर रोग

हिवतापाच्या छायेत इतर डासजन्य रोगांचा इतिहास झाकला गेला. विदर्भात हत्तीरोग जुना आहे आणि यवतमाळसह बहुतेक जिल्हे त्याच्या प्रादुर्भावक्षेत्रात मोडतात. १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा वाहक ‘क्युलेक्स’ डास गटाराच्या घाण पाण्यात वाढतो आणि रोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात उतरत असल्याने कर्मचाऱ्यांना रात्री घरोघर जाऊन रक्त घ्यावे लागते. २००४ पासून देशभरातील प्रादुर्भावग्रस्त जिल्ह्यांत डीईसी गोळ्या एकाच वेळी सर्वांना देण्याची मोहीम सुरू झाली आणि २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची एकत्रित मात्रा देण्यात आली. निरोगी दिसणाऱ्या माणसाला गोळी गिळण्यास राजी करणे हे या मोहिमेतील सर्वांत अवघड काम ठरले आहे. हत्तीपाय झालेला माणूस ती आनंदाने घेतो. पण रोग पसरविणारा जंतू ज्याच्या रक्तात आहे त्याला तो दिसत नाही.

चिकुनगुनियाची कथा याहून बोलकी आहे. १९६५ मध्ये नागपुरात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत मोठ्या साथी झाल्या. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) त्यांचा अभ्यास केला. नागपूरच्या त्याच तपासात १९६५ मध्ये चांदीपुरा विषाणू सापडला; तो डासाने नव्हे तर सँडफ्लाय या बारीक माशीने पसरतो, परंतु नागपूरजवळच्या एका खेड्याचे नाव त्यामुळे जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. बार्शीनंतर तीन दशके चिकुनगुनिया जवळजवळ विस्मृतीत गेला. २००६ मध्ये तो परतला तेव्हा देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. गावेच्या गावे सांधेदुखीने वाकलेली असताना अनेक ठिकाणी रोगाचे नावही माहीत नव्हते. तेहतीस वर्षांपूर्वीची साथ पाहिलेली वैद्यकीय पिढी तोवर निवृत्त झाली होती.

डेंग्यू व चिकुनगुनिया पसरविणारा ‘एडिस’ डास घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात रांजण, ड्रम, टाके भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, भांडी घासून पालथी घाला, असा सल्ला आरोग्य विभाग देतो. तो शास्त्रशुद्ध आहे. परंतु ज्या घरात उद्या पाणी येईल याची खात्री नाही, त्या घराला आज पाणी ओतून देण्यास सांगणे म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या अपयशाचा भार गृहिणीवर टाकणे होय. धूरफवारणीची मागणी नगरसेवकांकडून का होते, याचेही उत्तर येथे सापडते : धूर दिसतो, आवाज होतो, शासन आले असे वाटते. प्रत्यक्षात अळीला त्याने काही होत नाही.

खाण, पोड आणि आजचे उद्दिष्ट

वणी परिसरात कोळशाच्या खाणींनी भूगोल बदलला. राजूरसारख्या जुन्या भूमिगत खाणीनंतर वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणी आल्या. खुल्या खाणीच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचते, मातीच्या ढिगाऱ्यांमुळे नैसर्गिक नाले अडतात आणि कामासाठी परप्रांतांतून मजूर येतात. हिवतापाच्या परिभाषेत सांगायचे तर डासाला जागा आणि परजीवीला प्रवासाचे साधन, दोन्ही एकाच ठिकाणी उपलब्ध होतात. वसाहतीतील कामगाराची नोंद कंपनीच्या दवाखान्यात होते. कंत्राटी मजुराची नोंद खाजगी डॉक्टरकडे, आणि पुष्कळदा कोठेच नाही. दुसरीकडे कोलाम पोडांवरील रुग्ण उपकेंद्रापर्यंत पोहोचण्याआधी दोन-चार दिवस घरीच राहतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९७ पासून राबविलेल्या वर्धित हिवताप नियंत्रण प्रकल्पाने महाराष्ट्रासह सात राज्यांतील आदिवासी जिल्ह्यांवर लक्ष केंद्रित केले, औषधभारित मच्छरदाण्या व जलद निदान चाचण्या आणल्या. २००५ नंतर आशा कार्यकर्ती आली आणि पंधरवड्याच्या फेरीतून हरवलेला गावातला माणूस वेगळ्या रूपात परत मिळाला. सर्वेक्षण कर्मचारी पगारी होता. आशाला नमुन्यामागे मोबदला मिळतो आणि केंद्राने ठरविलेला तो मोबदला अनेक वर्षे १५ रुपये होता.

२०२३ मध्ये देशात सुमारे सव्वादोन लाख हिवताप रुग्ण नोंदले गेले. २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणणे व २०३० पर्यंत दूरीकरण साधणे, असे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. १९५८ मधील ‘निर्मूलन’ या शब्दाची जागा मराठी शासकीय परिपत्रकांत आता ‘दूरीकरण’ या शब्दाने घेतली आहे. रुग्णसंख्या १९६१ मध्येही अशीच खाली आली होती आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी ६४ लाखांवर गेली. त्या पंधरा वर्षांत एकेका गावात काय बदलले, कोणाची फेरी केव्हा थांबली, कोणत्या पोडाचे नाव सर्वेक्षणाच्या यादीतून गळाले, हे सांगणारी साधने म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील जुन्या रक्तनमुना नोंदवह्या. त्या मुदतबाह्य अभिलेख म्हणून रद्दीत जाण्यापूर्वी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या तालुक्यातील आरोग्य केंद्रांशी पत्रव्यवहार करून त्यांच्या प्रती करून घ्याव्यात. एम.ए. च्या विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधासाठी एका आरोग्य केंद्राचे दप्तर पुरेसे आहे.